निसर्गाशी पुन्हा गट्टी करायची आहे, सगळ्यांनी मिळून. काय करावं?

कोरा_कागद
नमस्कार मंडळी. आमच्या इमारतीतले आम्ही नऊ जण आहोत, वयं ११ ते ७२. रविवारी सकाळी दोन तास एकत्र बसून, झाडं-माती-पाखरांच्या संगतीनं, हातानं काहीतरी करायचं ठरलंय. नुसतं फिरायला जाऊन पाहिलं, तिसऱ्या रविवारी मी आणि माझी सावली एवढेच उरलो.
अटी तीनच. नऊ जणांचा मिळून खर्च एका चित्रकलेच्या वहीच्या किमतीत बसला पाहिजे. मोबाइल खिशातच राहील. आणि एका काकूंचे गुडघे दुखतात, तेव्हा चढउतार नको. चित्रं कुणालाच काढता येत नाहीत. स्वानुभव असेल तर उत्तम.

गगनभेदी
दुर्बीण घ्या. ८ बाय ४२. आठपट जवळ दिसतं आणि पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं असल्यामुळे पहाटेच्या अंधुक उजेडातही काम भागतं. १० बाय ५० च्या मोहात पडू नका. मी पडलो होतो. जड असते, त्यात हात हलला की पक्षीही दहापट हलतो. सध्या ती कपाटावर धूळ खातेय.

कोरा_कागद
दादा, खर्चाची अट वर लिहिली आहे.

गगनभेदी
वाचली. पण हा एकदाच करायचा खर्च आहे. नऊ जणांत वाटून घ्या. खरं तर दोनच घ्या, म्हणजे भांडणं नकोत.

निळी_शाई
सायनोटाइप करा, डोळे झाकून सांगते. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरीसायनाइड वेगवेगळं पाण्यात विरघळवायचं, मग एकत्र करून मंद उजेडात ब्रशनं कागदाला फासायचं. वाळला की वर पान, त्यावर काच, आणि ठेवायचं उन्हात. कागद हिरवट-पिवळ्याचा राखाडी झाला की साध्या पाण्यात बुडवायचा. पानाखालचं पिवळं धुऊन जातं, आजूबाजूला निळं चढतं आणि पानाची शीर न् शीर पांढरी उमटते. चित्रकला येण्याची गरज नाही, ऊन काढतं चित्र. जॉन हर्शेलनं १८४२ मध्ये ही रीत शोधली आणि पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्सनं याच रीतीनं समुद्रशैवालांचे ठसे घेऊन पुस्तकाचे भाग काढायला सुरुवात केली. माझ्याकडे साठ-सत्तर ठसे आहेत. पाहुणे आले की आधी तेच दाखवते, मग पाणी विचारते.

शंकासुर
नावात सायनाइड असलेली वस्तू अकरा वर्षांच्या पोराच्या हातात द्यायची?

निळी_शाई
त्यातलं सायनाइड लोहाला घट्ट बांधलेलं असतं हो. आम्लात मिसळायचं नाही, तापवायचं नाही, हातमोजे घालायचे, झालं. आणि फासण्याचं काम मोठ्यांनी करावं, पोरांनी पानं मांडावीत.

शंकासुर
'झालं' म्हणता म्हणता चार सूचना झाल्या.

उन्हाचा_तुकडा
रसायनं नको असतील तर गडद रंगाच्या पाकळ्यांचा रस काढून कागदाला फासा, वर पान ठेवून उन्हात सोडा. ऊन लागेल तिथला रंग उडतो. याला अँथोटाइप म्हणतात. खर्च शून्य. फक्त दिवसच्या दिवस जातात, आणि तो ठसा पक्का करता येत नाही. पुढे उजेडात राहिला की तोही जातो.

कडक_इस्त्री
मी झाडपाल्याचे रंग करून बघितले, म्हणून सावध करते. कापडावर पानं पसरली, गुंडाळी बांधली, दोन तास वाफवली. उलगडल्यावर असा ठसा, की शेजारीण म्हणाली विकायला काढ! पहिल्या धुण्यात सगळं बादलीत. मग कळलं की सुती कापडाला आधी टॅनिनचं पाणी आणि तुरटी द्यावी लागते. लोकर-रेशमाला नुसती तुरटी, कोरड्या वजनाच्या दहा-पंधरा टक्के, पुरते. हळद तर विसराच, उन्हात उडते. आणि स्वयंपाकाचं पातेलं चुकूनही वापरू नका. माझं मोठं पातेलं त्यात गेलं, ते अजून घरात ऐकवलं जातं.

गगनभेदी
दुर्बिणीत पातेलं जात नाही.

रानभूल
एवढा खटाटोप कशाला? शिनरिन-योकू करा. वनस्नान. जपानी लोकांची प्राचीन परंपरा आहे. झाडांत जाऊन शांत बसायचं.

शंकासुर
प्राचीन कसली? १९८२ मध्ये जपानच्या सरकारी वनखात्यानं काढलेला शब्द आहे.

रानभूल
शब्द नवा असेल, झाडं जुनीच आहेत. आणि उपयोग सिद्ध झालाय. रॉजर उलरिचचा १९८४ चा अभ्यास बघा. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण, ज्यांना खिडकीतून झाडं दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले.

शंकासुर
बघितलाय. २३-२३ जणांची तुलना. ते खाटेवर पडून खिडकीतून बघत होते, कुणी अंघोळ करत नव्हतं. धागाकर्त्यांना हातानं काहीतरी करायचंय, तुम्ही त्यांना आजारी पाडताय.

झाडाखालचा
धागा भरकटायच्या आत लिहितो. आम्ही सात जण दीड वर्ष एकाच झाडाखाली जमतोय. लागतो कागद आणि पेन्सिल. कागदाच्या मधोमध फुली मारायची, ती म्हणजे आपण. दहा मिनिटं डोळे मिटून बसायचं. जो आवाज येईल त्याची खूण, ज्या दिशेनं आणि जितक्या लांबून आला तिथे करायची. वारा असेल तर नागमोडी रेघ, पाखरू असेल तर टिंबं, जमेल तसं. मग सगळे कागद जमिनीवर शेजारी मांडायचे.
पहिल्याच दिवशी गंमत झाली. सहा जणांच्या कागदावर पाण्याच्या पंपाचा आवाज होता. सातव्या आजींच्या कागदावर तो नव्हताच, त्याऐवजी उजव्या कोपऱ्यात एकच बारीक रेघ. विचारलं तर म्हणाल्या, वाळकं पान फरशीवरून घसरत गेलं ते. नंतर आम्ही सगळे तासभर ते पान ऐकायच्या मागे.
चित्र काढायचंच असेल तर कागदाकडे न बघता काढा. नजर पानाच्या कडेवर, हात आपोआप. चित्र हास्यास्पद येतं, सगळ्यांचंच येतं, त्यामुळे लाज जाते. पण पानाला किती दाते आहेत ते जन्मात विसरत नाही.

पानगळ
+१. आवाजाचा नकाशा करा. आम्हीही एकाच जागी बसतो, कागद-पेन्सिल पुरते.

मोजूनमापून
नोंदी नुसत्या वहीत सडू देऊ नका. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर पक्षी टाका, २००२ पासून चालू आहे. बाकी झाडं-किडे आयनॅचरलिस्ट या तशाच संकेतस्थळावर. तुम्ही फोटो टाकलात की अनोळखी माणसं ओळख पटवून देतात. आपली नोंद अभ्यासकांच्या कामी येते, हे समाधान वेगळंच. माझ्या चारशेच्या वर नोंदी आहेत.

कोरा_कागद
मोबाइल खिशात राहणार आहे हो.

मोजूनमापून
खिशातून काढायला कितीसा वेळ लागतो?

कडक_इस्त्री
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे). दोनदा पडला. आणि नाही, पातेलं अजून स्वच्छ झालेलं नाही.

कोरा_कागद
सगळ्यांचे आभार. निर्णय झाला आणि तो तुमच्यापैकी कुणाच्याच सल्ल्याप्रमाणे नाही, रागावू नका.
गेल्या आठवड्यात आवारात जलवाहिनीसाठी खड्डा खणला. आमचं अकरा वर्षांचं शेंडेफळ त्यातून तीन ढेकळं घेऊन आलं. एक काळं, एक विटकरी, एक पिवळसर. 'हे रंग आहेत ना?' म्हणाला. म्हटलं, बघू. ढेकळं फोडली, पाण्यात ढवळली, वाळू तळाला बसू दिली आणि वरचं गढूळ पाणी दुसऱ्या डब्यात ओतलं. असं तीनदा. शेवटी तळाशी सायीसारखा लगदा उरला. वाळवून बारीक केला आणि डिंकाच्या पाण्यात कालवला, की रंग तयार! पिवळी माती जुन्या पत्र्यावर भाजली तर लालसर झाली, कारण तिच्यातल्या लोहखनिजातलं पाणी निघून जातं. पोरगं पत्र्यापासून हलेना.
मग वाचलं की दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लोम्बोस गुहेत सुमारे १,००,००० वर्षांपूर्वीचे, गेरू कालवलेले शिंपले सापडलेत. म्हणजे आम्ही काही नवीन करत नाही.
आता दर रविवारी प्रत्येकानं कुठून तरी मूठभर माती आणायची आणि आवाराची मागची भिंत रंगवायची. काकू खुर्चीत बसून माती चाळणार आहेत, जागा त्यांनी आधीच ठरवली. पाऊस आला की सगळं धुऊन जाईल. मग पुन्हा.
झाडाखालचा, ते वाळक्या पानाचं मात्र डोक्यातून जात नाही. रंग वाळेपर्यंतची दहा मिनिटं तुमच्या नावानं.

शंकासुर
भिंतीला इमारतीच्या समितीची परवानगी घेतलीत का?

कोरा_कागद
अध्यक्षच गाळणीला बसलेत.

गगनभेदी
भिंतीवर पक्षी काढणार असाल तर आधी ते नीट बघावे लागतील. ८ बाय ४२.