आई केअर सेंटरमधे पडली, मला चार दिवसांनी कळलं

मुलुंडकर_ताई
आई ८१ ची, सात महिने झाले पनवेलजवळच्या एका केअर सेंटरला आहे. दर रविवारी जाते मी. काल गेले, गाऊनची बाही वर केली तर कोपरापासून मनगटापर्यंत काळंनिळं. मावशी म्हणतात अहो बुधवारी पडल्या ना बाथरूममधे, तुम्हाला सांगितलं नाही का कोणी? ऑफिसात विचारलं तर म्हणे तुमच्या भावाला व्हॉट्सॲप केला होता. भाऊ मस्कतला, त्याने मेसेज उघडलाच नाही आणि मी तासाभरावर असून मला एक फोन नाही!! रक्त पातळ करायची गोळी चालू आहे तिला. यांना काही नियम असतो की नाही?

साधा_माणूस
नियम नंतर बघू, आधी डोकं आपटलं का ते मावशींनाच विचारा, ऑफिसला नको. त्या गोळीवर डोक्यात रक्तस्राव हळूहळू पण होतो, कधी दोन-तीन आठवड्यांनी कळतं. नक्की सांगता येत नसेल तर सरळ सीटी स्कॅन करून घ्या, उद्यावर टाकू नका.

गिरगाव४
आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे नाक्यावरचं छोटं हॉस्पिटल, अमेरिकेत म्हातारी माणसं कायमची राहतात ते. वहिनी तिकडे नर्स आहे. पडून लागलं, तब्येत एकदम बदलली, औषधात मोठा बदल केला किंवा हॉस्पिटलला हलवायचं ठरलं की डॉक्टरला आणि पेशंटच्या प्रतिनिधीला ताबडतोब कळवायचं, असा तिथे केंद्र सरकारचाच नियम आहे. पण ताई, तिथेही कागदावर ज्याचं नाव त्यालाच फोन जातो हं.

सुनबाई_दादर
लेखी द्या आणि कॉपीवर त्यांचा शिक्का घ्या. पहिला फोन कोणाला, नाही उचलला तर दुसरा कोणाला, आणि फोन म्हणजे फोन, मेसेज नाही. कशासाठी तेही लिहा: पडणं, ताप, जेवण सोडलं, कंबरेखाली कातडी लाल झाली (बेडसोर तिथूनच सुरू होतो). आणि अचानक असंबद्ध बोलायला लागले तर. आमचे सासरे बोलायला लागले तेव्हा तिथले म्हणाले वय झालंय, निघालं युरिन इन्फेक्शन. ऐकतच नसतील तर १४५६७ ही ज्येष्ठांची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट लागते.

मुलुंडकर_ताई
स्कॅन झालं आजच, नॉर्मल आहे. ॲडमिशनचा फॉर्म मागून घेतला. संपर्कासाठी एकच नाव, दादाचं. भरताना क्लार्क म्हणाला होता मुलगा आहे ना मग त्याचंच टाका. अक्षर माझंच आहे.