‘नाकाचं हाड वाढलंय’ म्हणजे नेमकं काय वाढतं?

प्रश्न : भावाला दवाखान्यात ‘नाकाचं हाड वाढलंय’ म्हणून सांगितलं. रिपोर्टवर हाडाचं नाव नाही, ‘डीएनएस’ लिहिलंय. शेजारच्या काकूंचं मात्र ‘मांस वाढलं’ होतं. दोन्ही एकच का?

प्रतिसाद : नाही ताई. डीएनएस म्हणजे मधला पडदा वाकडा. पडदा पुढे कूर्चेचा, मागे हाडाचा. वाढत काही नाही, तो एका बाजूला कलतो. सरळ करायच्या शस्त्रक्रियेला सेप्टोप्लास्टी म्हणतात. चीर नाकाच्या आतून असते, चेहऱ्यावर व्रण राहत नाही आणि पुष्कळदा पेशंट त्याच दिवशी घरी जातो. ‘हाड कापणार’ ऐकून माणसं उगाच धास्तावतात, म्हणून हा शब्दप्रयोग मला खटकतो. शिवाय ॲलर्जीने बाजूच्या भिंतीवरची टर्बिनेटं, म्हणजे अस्तराने झाकलेले हाडाचे उंचवटे, सुजली तरी लोक ‘हाड’च म्हणतात. तिथे आधी स्प्रे देऊन पाहतात.

दुसरा प्रतिसाद : आमच्याकडे नाकातून रक्त आलं की ‘घोळणा फुटला’ म्हणतात. मांस वाढल्यावरही फुटतो का?

प्रतिसाद : चांगलं विचारलंत. घोळणा बहुधा पडद्याच्या पुढच्या भागात फुटतो, तिथे रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. ‘मांस’ म्हणजे बहुतेक वेळा पॉलिप : सायनसचं सुजून लोंबणारं अस्तर, सोललेल्या द्राक्षासारखं फिकट. त्यातून सहसा रक्त येत नाही. पण गाठ लाल असेल, तिच्यावर बारीक पांढरे ठिपके असतील आणि बोट लागताच रक्त येत असेल, तर राइनोस्पोरिडिओसिसची शंका घ्यावी. हा संसर्ग 1900 साली अर्जेंटिनात गिलेर्मो सीबर यांनी नोंदवला. आज सर्वाधिक रुग्ण भारत आणि श्रीलंकेत दिसतात. साचलेल्या तळ्यात अंघोळ करणाऱ्यांत तो जास्त, छत्तीसगडात तर नेहमीचाच. जंतूला बरीच वर्षं बुरशी समजत, पण तो बुरशी नाही. गोळ्यांवर भिस्त ठेवता येत नाही. गाठ मुळासकट काढून बुडखा डागतात, तरी ती पुन्हा उगवू शकते. म्हणून काढलेला तुकडा तपासायला पाठवायलाच हवा, आणि ‘तळ्यात पोहता का?’ हेही विचारायला हवं.

प्रश्नकर्ती : काकू भंडाऱ्याकडच्या, लहानपणी तलावातच पोहायला शिकल्या. तुकडा तपासायला पाठवला होता का, आज विचारते.