युरोपातल्या रात्रीच्या गाड्या सरकारी पैशावर चालवाव्यात का?

रातराणी:
व्हिएन्ना–पॅरिस रात्रीची गाडी डिसेंबर २०२५ मध्ये बंद झाली. २०२१ साली सुरू झालेली, आठवड्यातून तीनदा धावायची. फ्रान्स सरकारने अनुदान काढून घेतलं आणि ऑस्ट्रियन रेल्वेला ती एकट्याने परवडेना. बर्लिन–पॅरिसचंही तेच. मला हे फार लागलं. आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या इंधनावर कर नाही, रेल्वेने मात्र किलोमीटरमागे रुळांचं भाडं भरायचं. मग गाडीच तेवढी तोट्यात कशी म्हणता?

आईबाबा आले होते तेव्हा त्यांना व्हिएन्नाहून रोमला रात्रीच्या गाडीने नेलं. चौदा-एक तास. मधला बर्थ पाठीमागे दुमडलेला बघून आई म्हणाली, "अगं, ही तर आपली थ्री टियर!" उशी, चादर, पांघरूण ठेवलेलं. सकाळी अटेंडंटने पाव, लोणी, जॅम आणि कॉफी आणून दिली. बाबांचे गुडघे दुखतात, पण विमानतळावरच्या रांगा वाचल्या आणि ते थेट शहराच्या मध्यात उतरले. अशा गाडीला माझ्या करातले पैसे जरूर जावेत.

म्युनिकवासी:
अजिबात पटलं नाही. आम्ही चौघं, दोन मुलं लहान. पूर्ण कंपार्टमेंट घेतलं, विमानापेक्षा महाग पडलं तरी मुलांची हौस म्हणून. रात्री प्लॅटफॉर्मवर कळलं, आमचा डबा लागलेलाच नाही. बसायच्या जागा मिळाल्या. धाकटी रात्रभर माझ्या मांडीवर, माझा पाय बधिर. फरकाचे पैसे परत मिळायला दोन महिने लागले. जे दिवसा रोज कामावर जातात त्यांच्या गाड्या आधी वेळेवर चालवा, अनुदान तिथे द्या.

कोकणकडा:
डबा का लागत नाही ते सांगतो. २०१६ च्या शेवटी जर्मन रेल्वेने आपल्या झोपायच्या गाड्या बंद केल्या, त्यातले बरेच मार्ग आणि जुने डबे ऑस्ट्रियाने घेतले. नवे डबे यायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. तोवर एक डबा नादुरुस्त झाला की बदली कुठून आणणार?

भाड्याचं गणितही अवघड आहे. बसायच्या डब्यात जितकी माणसं मावतात, स्लीपरमध्ये त्याच्या निम्मीच. दिवसाची जागा दोन-तीनदा विकली जाते, बर्थ रात्रीतून एकदाच. त्यात रेल्वेच्या तारांमधली वीज ऑस्ट्रिया-जर्मनीत १५ हजार व्होल्ट, इटलीत बहुतेक ठिकाणी ३ हजार, म्हणजे सीमेवर इंजिन बदला नाहीतर दोन्हीवर चालणारं महागडं आणा. अनुदान द्यावं, पण मोजक्या मार्गांवर आणि रोजच्या गाडीला. आठवड्यातून तीनदा सुटणाऱ्या गाडीची कुणाला सवय लागत नाही.

रातराणी:
@म्युनिकवासी, मुलीचे हाल वाचून वाईट वाटलं. तो दोष मान्य करायलाच हवा. पण डबे जुने राहिले ते पैसा न घातल्यामुळेच ना? बर्लिन–पॅरिस मार्ग पुन्हा चालवायचं युरोपियन स्लीपर या खासगी कंपनीने जाहीर केलं, म्हणजे जाणारी माणसं आहेत.

म्युनिकवासी:
माणसं आहेत हे मान्य. पण डबा लागला नाही तर त्याच रात्री हॉटेलची सोय आणि आठवड्यात पैसे परत, ही अट अनुदानाच्या करारात आधी घाला. तेवढं झालं तर मुलांना घेऊन पुन्हा बसेन. थोरला अजून वरच्या बर्थबद्दल विचारतो.