चर्चा: भावाविरुद्ध साक्ष देणारी बहीण चुकली का?

किनाराकन्या (गुहागर)

महाविद्यालयाच्या मराठी मंडळासाठी मला एका कादंबरीवर टिपण लिहायचे आहे. गणपतीला घरी आले असताना ओटीवरच्या झोपाळ्यावर बसून मी ती दोन दिवसांत वाचून काढली आणि तेव्हापासून घरातल्या मोठ्या माणसांशी माझे पटेनासे झाले आहे. म्हणून हा धागा.

कथानक थोडक्यात असे. घाटमाथ्यावरच्या एका तालुक्याच्या गावी टेम्पोवर पोट भरणारे कुटुंब आहे. 2008 सालच्या एका रात्री थोरल्या मुलाच्या टेम्पोखाली गुऱ्हाळावरून सायकलने परतणारा मजूर सापडतो. मुलगा थांबत नाही. वडील उजाडायच्या आत पुढचा दिवा आणि बंपर बदलून घेतात आणि टेम्पो विहिरीवर नेऊन धुतात. बारावीतली बहीण हे माडीच्या खिडकीतून पाहते. सकाळी अंगणात पायाला टोचलेला काचेचा तुकडा ती कंपासपेटीत ठेवून देते. मजुराची विधवा पुढे त्यांच्याच घरी धुण्याभांड्याला येऊ लागते. चार वर्षांनी बहीण पोलिसांकडे जाते आणि न्यायालयात भावाविरुद्ध उभी राहते.

माझ्या मते तिचे काही चुकले नाही. चुकले असेल तर ते इतकेच, की तिने चार वर्षे लावली. मला अपघातापेक्षाही एक साधा प्रसंग विसरता येत नाही. आई त्या बाईला रोज निघताना दोन भाकऱ्या बांधून देते, वर लसणीच्या चटणीचा गोळा ठेवते, मात्र फडक्याची गाठ मारताना एकदाही वर पाहत नाही. बाई म्हणते, ‘वहिनी, तुमच्यासारखं कुणी नाही.’ लेखकाने पुढे काहीही लिहिलेले नाही. मला त्या ठिकाणी पुस्तक मिटावे लागले. ज्यांनी हिच्या नवऱ्याला रस्त्यावर सोडले, त्यांचेच उपकार ही मानते आहे आणि घरातले सगळे तिला ते मानू देत आहेत. कुटुंबावरची निष्ठा म्हणजे जर हेच असेल, तर ती कोणाच्या जिवावर उभी आहे, हे विचारायला नको का?

माझ्या आत्याने मात्र ही मुलगी घरभेदी आहे, असे एका शब्दात सांगून विषय संपवला.

निवृत्त मास्तर (रत्नागिरी)

तुम्ही मनापासून वाचता, हे पाहून आनंद वाटला. परंतु तुमच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. घरभेदी हा शब्द आपण बिभीषणाला चिकटवला, त्याला लंकेचे राज्य मिळाले तरी तो सुटला नाही, आणि लोकांच्या या हट्टाला काहीतरी कारण असले पाहिजे. त्याच रामायणात कुंभकर्णही आहे. तो भर दरबारात रावणाला त्याची चूक स्पष्टपणे सुनावतो आणि तरीही भावासाठी रणात जातो. कादंबरीतल्या मुलीने चार वर्षांत भावाला एकदा तरी समोर बसवून विचारले का? माझ्या आठवणीप्रमाणे तुम्ही दिलेल्या कथानकात तसे काही नाही. खिडकीतून पाहायचे, काच जपायची आणि एके दिवशी थेट ठाण्यात जायचे, हा न्यायाचा मार्ग असेल, पण माणसांचा नव्हे.

इथे कोणी रामशास्त्री प्रभुण्यांचे नाव काढण्याआधीच सांगून ठेवतो. 1773 मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि शास्त्रीबुवांनी राघोबादादांना दोषी धरले, हे तेज वादातीत आहे. पण राघोबादादा हे नारायणरावांचे काका होते, शास्त्रीबुवांचे नव्हते. परक्याचा न्याय करणे आणि ज्याच्या ताटात आपण लहानपणी जेवलो त्याला पिंजऱ्यात उभे करणे, यांना एकाच मापाने मोजू नये.

माडाच्या सावलीत (वेंगुर्ला)

मास्तर, कुंभकर्ण ज्याच्यासाठी लढला त्याने सीतेला सोडले का? समोर बसवून विचारल्याने त्या बाईच्या हाती काय पडले असते, एवढेच सांगा.

चिपळूणचा वकील

मी मोटार अपघातांचे दावे चालवतो, त्यामुळे या कादंबरीकडे मी जरा वेगळ्या खिडकीतून पाहतो. वरील दोघांच्याही लिखाणात असे गृहीत धरले आहे की बहिणीपुढे भावाचे आयुष्य किंवा परक्याचा न्याय एवढेच दोन पर्याय होते. कायदा पाहिला तर चित्र निराळे दिसते.

तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम 304-अ नुसार निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास जास्तीत जास्त दोन वर्षांची शिक्षा होती आणि गुन्हा जामीनपात्र होता. वडिलांनी पुरावा नष्ट केला, तो कलम 201 चा गुन्हा. मूळ गुन्ह्याला दहा वर्षांपेक्षा कमी शिक्षा असेल, तर त्या शिक्षेच्या एक चतुर्थांश, म्हणजे इथे कमाल सहा महिने. फाशी, जन्मठेप असले काही त्या घरावर येणार नव्हते. (1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि अशा मृत्यूची कमाल शिक्षा पाच वर्षे झाली, पण कथा आधीच्या काळातली आहे.)

आता खरा मुद्दा. वाहन सापडले असते, तर विधवेला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाता आले असते. नवऱ्याची कमाई, त्याचे वय, अवलंबून असणारी मुले, यांचा हिशेब होऊन भरपाई ठरली असती. टेम्पोचा विमा आणि चालकाचा परवाना चालू असेल, तर ती विमा कंपनीने दिली असती, वडिलांच्या खिशाला हात लागला नसता. वाहन सापडलेच नाही, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 161 खाली त्या काळी मृत्यूसाठी मिळत होते ठोक 25,000 रुपये. 2022 पासून ही रक्कम दोन लाख झाली आहे. म्हणजे त्या पहाटे विहिरीवर जे धुतले गेले ते केवळ रक्त नव्हते. तो त्या बाईचा दावा होता.

रक्ताच्या नात्याबद्दलही एक गोष्ट नोंदवतो. गुन्हेगाराला आसरा देण्याच्या कलमात कायद्याने फक्त पती-पत्नीला सूट दिली आहे. आई, वडील, भाऊ, बहीण यांना नाही. साक्षीच्या कायद्यातही संसारातील खासगी बोलण्याला संरक्षण आहे, बहीणभावाच्या नाही. हे बरोबर आहे का, यावर मला स्वतःला शंका आहे. मुलाला दार न उघडणारी आई मी तरी आमच्या भागात पाहिलेली नाही.

निवृत्त मास्तर (रत्नागिरी)

वकीलसाहेब, माहितीबद्दल आभारी आहे. परंतु पैसे विमा कंपनी देते, हे मुलगा थरथरत दारात उभा असताना रात्री दोन वाजता कोणत्या बापाला आठवणार आहे? तुमचे कलम दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता कार्यालय उघडल्यावर खरे होते.

चिपळूणचा वकील

मान्य. पण त्यानंतर चार वर्षांत कार्यालय रोज सकाळी दहा वाजता उघडतच होते.

दोन पोरांची आई (देवगड)

सगळे जण भावाच्या शिक्षेचे आणि विधवेच्या पैशांचे बोलत आहेत. त्या मुलीचे कोण बोलणार? भावाला दोन वर्षे झाली तरी तो सुटून परत त्याच घरात येईल, त्याच्या नावाची खोली तशीच असेल. हिचे माहेर मात्र जन्माचे तुटले. आपल्याकडे भावकीतल्या जमिनीच्या वादात एखादी बहीण हक्कसोडपत्रावर सही करायला नुसती नाही म्हणाली, तरी पुढच्या चतुर्थीला तिला बोलावणे येत नाही. आमच्याच वाडीत हे मी पाहिले आहे. ही तर न्यायालयात उभी राहिली. तिने बोलू नये असे माझे म्हणणे नाही. पण ‘चार वर्षे लावली’ हा आरोप वसतिगृहात राहणाऱ्या मुलीने इतक्या सहज करू नये. बारावीतल्या मुलीने बोलून जायचे कुठे होते, बाळ?

किनाराकन्या (गुहागर)

काकू, तुमचे म्हणणे मला लागले, आणि ते योग्यही आहे. विलंबाबद्दलचे वाक्य मी टिपणातून काढून टाकते. शेवटच्या प्रकरणात भाऊबीजेच्या दिवशी ती भाड्याच्या खोलीत एकटीच असते आणि शेजारच्या घरातले ओवाळणीचे ताट पाहून दार लोटून घेते. ते मी वाचले होते, पण न्यायाच्या उत्साहात भरभर पुढे गेले होते.

मास्तर, तुमचा समोर बसवण्याचा मुद्दा मी पुन्हा तपासला. तिने भावाला विचारले होते. तिसऱ्या प्रकरणात ती फक्त ‘दादा, दिवा कधी बदललास?’ असे विचारते आणि तो रेडिओचा आवाज वाढवतो. माझ्या सारांशातून ते सुटले, ही चूक माझी. बिभीषणाबद्दल मात्र मी माघार घेत नाही. त्यानेही आधी रावणाला समजावले होते, हे आपण त्याला नाव ठेवताना सोयीने विसरतो.

वकीलकाकांना एक प्रश्न आहे. चार वर्षांनी खटला उभा राहतो, हे कायद्याला धरून आहे का, की लेखकाने सवलत घेतली आहे?

चिपळूणचा वकील

धरून आहे. एक ते तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्याला दखल घेण्याची मुदत तीन वर्षांची होती, परंतु गुन्हेगार कोण हे ठाऊक नसेल, तर मुदत त्याची ओळख पटल्याच्या दिवसापासून मोजतात. नुकसानभरपाईच्या अर्जाला 1994 च्या दुरुस्तीनंतर मुदतच नव्हती. सहा महिन्यांची अट 1 एप्रिल 2022 पासून आली. त्यामुळे 2012 मध्ये त्या बाईला पूर्ण दावा करता आला असता. कादंबरीत तिने तो केला का?

किनाराकन्या (गुहागर)

नाही. तिला कोणी सांगितलेच नाही. तुम्ही म्हणता ते 25,000 रुपयेसुद्धा तिने मागितल्याचा उल्लेख नाही. वडिलांनी बाराव्याच्या दिवशी तिच्या हातावर पाचशे रुपये ठेवले होते, एवढेच आहे. टिपण आता त्या पाचशे रुपयांपासून सुरू करते.