चहाचं आईस्क्रीम घरी कुणी केलंय? अनुभव सांगा

रंकाळावेस_सई: माळा आवरताना आजीचा आईस्क्रीमचा पॉट सापडला. लाकडी बादली, आत पत्र्याचा डबा, वर दांडा. मे महिन्यात आम्ही पोरं पाळीपाळीनं दांडा फिरवायचो. आंब्याचं पोरांसाठी, आणि शेवटचा डबा मोठ्यांचा, चहाचा! चारचा चहा आजीला उन्हाळ्यातही चुकवायचा नसायचा, म्हणून तिनंच काढलेली युक्ती.

गंगावेशीतून आणलेलं म्हशीचं दूध, एक लिटरचं पाऊण होईपर्यंत आटवायचं. साखर विरघळली की गॅस बंद. मग चार मोठे चमचे चहापूड घालून झाकण, पाचेक मिनिटांत गाळायचं. पूड दुधात खळखळ उकळली की तुरटपणा उतरतो, तो गार झाल्यावर जास्तच टोचतो. आणि प्यायच्या चहापेक्षा कडक आणि गोड ठेवायचं, कारण गारठ्यात जिभेला गोडी कमी लागते. आजी जाऊन बरीच वर्षं झाली, पण ती चव डोक्यातून जात नाही. तुमच्याकडं कसं करतात?

कळंब्याची_ताई: आलं घालायचं का गं? आमच्या जाऊबाईंनी किसून थेट दुधात टाकलं, सगळं फाटलं.

रंकाळावेस_सई: कच्चं आलं नको ताई, त्यानं दूध फाटतं. आधी थोड्या पाण्यात चांगलं उकळायचं, मग ते पाणी दुधात. वेलची मात्र शेवटी.

म्हशीवाला_भाऊ: म्हशीच्या दुधात फॅट सहा-सात टक्के, गाईच्या चारच्या आसपास. म्हणून आपल्याकडचं आईस्क्रीम क्रीम न घालताही मऊ होतंय. भावा, आमच्या दुधाचा नाद खुळा 💪

पुण्यात_अडकलेला: अरे इथं पिशवीचं दूध आटवून आटवून हात दुखले. गंगावेशीत म्हैस समोर पिळून देतात तो पेला आठवला बघ. तालमीतनं घामाघूम येऊन तिथंच उभ्यानं प्यायचो. विषय चहाचा आहे, माहितीय, पण आठवलंच.

म्हशीवाला_भाऊ: ये की मग, कोण अडवतंय? 😄

शाहूपुरी_वहिनी: माझ्याकडं पॉट नाही. डब्यात ओतून फ्रीजरमध्ये ठेवते, कडा गोठल्या की काढून मिक्सरमधून फिरवते, परत ठेवते. असं दोन-तीनदा केलं की बर्फाचे खडे होत नाहीत. वरून प्लास्टिक थेट आईस्क्रीमला चिकटवून झाकायचं, नाहीतर फ्रीजमधल्या लसणाच्या चटणीचा वास लागतो. कुकर लावलाय, पुढचं नंतर लिहिते.

गुळाचा_गडी: साखर कशाला, कोल्हापुरी गूळ आहे की! गुळाचा चहा करताना दूध फाटतंय तसंच इथंही. म्हणून दूध पार गार झाल्यावर गुळाचा गार पाक घालायचा. रंग असा तांबूस येतोय, बघत बसावं. आमच्या पाहुण्यांचं गुऱ्हाळ आहे, काकवी पाहिजे असली तर सांगा.

कळंब्याची_ताई: काकवी मला पाहिजे! दोन किलो. पाहुणे कुठले?

गुळाचा_गडी: करवीर तालुक्यातलेच ताई. मेसेज करतो.

भौतिकशास्त्र_सर: सई, पॉटमध्ये खडेमीठ का घालतात ते पोरांना दाखवा. मिठानं बर्फ शून्याखाली वितळतो आणि वितळताना डब्यातली उष्णता ओढून घेतो. मीठ-बर्फाचं मिश्रण उणे 21 अंशांपर्यंत जाऊ शकतं. साखरेमुळे दूध शून्याला गोठत नाही, म्हणून नुसत्या बर्फानं भागत नाही.

बिंदू_चौक_पोरगी: सर तुम्ही इथंही!! 🙏

शाहूपुरी_वहिनी: आले परत. लहान मुलांना रात्री देऊ नका. चहा तो चहाच. आमचा नातू रात्री बारापर्यंत गादीवर कुस्ती खेळत होता.

पुण्यात_अडकलेला: खाशाबा तयार होतोय वहिनी 😂 सई, आजीबद्दल वाचून बरं वाटलं आणि भरूनही आलं. माझी आजी गवती चहाशिवाय कपाला हात लावायची नाही. ती पात चालेल का यात?

रंकाळावेस_सई: चालेल, छान लागेल. गाठ मारून दूध आटतानाच टाक, पूड घालायच्या आधी काढ. आता माझी अडचण: बादलीत पाणी ओतलं तर सगळीकडनं गळतेय.

म्हशीवाला_भाऊ: वाळलीय ती. रात्रभर पाण्यात बुडवून ठेव, फळ्या फुगल्या की फटी बसतात. नवीन घेऊ नकोस.

बिंदू_चौक_पोरगी: शनिवारी करणार असशील तर मी येते दांडा फिरवायला.

रंकाळावेस_सई: ये की. येताना खडेमीठ घेऊन ये, घरात बारीकच आहे. आणि बर्फ फोडायला तुझ्या दादाला पण आण.