फिजिओ गोड बोलणारा हवा की गुडघा वाकवणारा?

चिंचवडकर:
परवा इथे एक पोस्ट आली, 'फिजिओ निवडताना आधी माणूस बघा, मग डिग्री'. ज्याच्याशी गप्पा जमतात त्याच्याकडेच बरं वाटतं म्हणे. त्यावर बदामांचा पाऊस. तिथे उत्तर द्यायला बसलो तर लांबलंच, म्हणून वेगळा धागा.

गेल्या वर्षी आईचा उजवा गुडघा बदलला. घरी येणारा फिजिओ सोन्यासारखा मुलगा. आल्या आल्या "काय आजी, आज काय बेत?" आई त्याच्यासाठी शिरा करायची, म्हणजे बायकोला करायला लावायची. पाऊण तासातला अर्धा तास त्याच्या लग्नाची बोलणी, दहा मिनिटं मशीन, उरलेली पाच मिनिटं पाय वर-खाली. आईने "आई गं" केलं की हा हात काढून घ्यायचा. "राहू दे आजी, उद्या बघू." सहा आठवड्यांनी सर्जननी गोनियोमीटर (सांधा किती वाकतो ते मोजायचं साधन) लावला तर ७० अंश. ९० नाही झाले तर खुर्चीतून धड उठता येत नाही, जिन्याचं तर नावच नको. सर्जन म्हणाले, असंच राहिलं तर भूल देऊन वाकवावा लागेल.

मग दुसऱ्या बाई आणल्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "आजी, रडलात तरी चालेल, पण थांबायचं नाही." टाचेखाली प्लास्टिकची पिशवी घालून पाय गादीवर मागे ओढायला लावायच्या. खोलीभर त्या पिशवीची सरसर आणि आईच्या शिव्या. तीन आठवड्यांत १०५! आई आजही त्यांना 'हिटलरबाई' म्हणते आणि त्या पहिल्याला संक्रांतीला आठवणीने तिळगूळ पाठवते. आता सांगा, नातं कुणाशी जुळलं आणि गुडघा कुणी वाकवला?

मीनल_ठाणे:
तुमच्या आईचा गुडघा आणि माझा खांदा एकाच मापाने मोजू नका. मला फ्रोझन शोल्डर झाला होता, खांदा पार आखडलेला, त्यात शुगर. तुमच्या हिटलरबाईंचा भाऊ शोभेल असा एक गृहस्थ मिळाला. दुखण्याचा पहिला जोर ओसरलाही नव्हता आणि यांनी हात धरून वर खेचला. चार रात्री बसून काढल्या. नंतर मी काय केलं माहितीये? खोटं बोलायला लागले. "केले का व्यायाम?" "हो सर, दोन्ही वेळा." खिडकीच्या गजाला बांधलेल्या पुलीवर कपडे वाळत होते.

नंतर एक मुलगी मिळाली. तिने आधी हाताला हातच लावला नाही. विचारलं, "रोजचं काय अडतं?" मी म्हटलं, मागे हात नेऊन हूक लावता येत नाही, पाच महिने नवऱ्याकडून लावून घेते. हे त्या सरांना मी सात जन्मांत सांगितलं नसतं. आणि माझं खरं दुखणं तेच होतं. नातं म्हणजे शिरा आणि तिळगूळ नाही हो, हे तोंडातून बाहेर पडणं.

सांगलीचा सखा:
कसलं नातं न् काय. नातं पॅकेजशी असतंय. २० सेशनचे पैसे आगाऊ घेतले माझ्याकडून कमरेसाठी. आत गेलो की पडदा ओढायचा, पॅड चिकटवायचे, मशीन चालू, गडी गायब. शेजारच्या पडद्यामागं दुसरा, त्याच्या शेजारी तिसरा. मशीन पीं पीं करून थकलं तरी कोण येत नव्हतं, शेवटी मीच बंद करायला शिकलो. अकराव्या दिवशी त्यांनी विचारलं, "डावा ना?" अहो, कंबर आहे ती!

आणि पाटीवर मोठ्या अक्षरात 'डॉ.'. हे कधीपासून डॉक्टर झाले?

हाडवैरी:
१४ वर्षं फिजिओ आहे, म्हणून लिहितो. सखा, तुमच्याबाबतीत झालं ते चूकच. पॅड लावून निघून जाणं ही फिजिओथेरपी नव्हे. मशीनने दुखणं थोडं दबतं, कंबरेला बळ येत नाही. पण 'डॉ.'चं काय काढलंत? साडेचार वर्षं घासली आम्ही, इंटर्नशिप धरून. शरीररचना एमबीबीएसवाल्यांसारखीच मुडद्यावर शिकतो. २०२१ च्या कायद्याने आमच्यासाठी राष्ट्रीय आयोगही आला.

तात्या नाशिककर:
आयोग आला म्हणून डॉक्टर होत नाही कुणी. आमच्या वेळी मालिशवाला घरी यायचा, कोपरापर्यंत तेल लावून, आणि दोन रुपयांत माणूस चालायला लागायचा. सरकारनेच ते 'डॉ.' काढायला सांगितलं होतं की २०२५ च्या सप्टेंबरात!

हाडवैरी:
तात्या, अर्धीच बातमी वाचलीत. ८ सप्टेंबर २०२५, जागतिक फिजिओथेरपी दिन, आम्ही केक कापला. ९ तारखेला दिल्लीहून आरोग्य सेवा महासंचालनालयाचं पत्र, 'डॉ.' लावू नका. १० तारखेला तेच पत्र मागे. केकही संपला नव्हता फ्रीजमधला. आणि मालिशवाला म्हणायचं काम नाही. पक्षाघात झालेल्या माणसाला पुन्हा घास तोंडापर्यंत न्यायला कोण शिकवतं, विचारा कुणाला तरी.

तात्या नाशिककर:
दुखलं वाटतं! मागे घेतलं म्हणजे बरोबर होतं असं नाही, ओरड झाली म्हणून घेतलं. डॉक्टरांच्या संघटनेचं म्हणणं काय होतं, पेशंटची फसगत होते. सखाची झालीच की.

प्राची:
माझ्या सासऱ्यांना खरंच वाटलं होतं की फिजिओ बीपीची गोळीही बदलून देईल. त्याने सरळ सांगितलं, "काका, ते माझं काम नाही." म्हणजे सांगणारे असतात. पाटीवर काय आहे त्याने फार फरक पडतो असं नाही वाटत मला.

सांगलीचा सखा:
पडतोय की. 'डॉ.' लिहिलं की फी दुप्पट.

चिंचवडकर:
अहो, धागा कशावर काढलाय आणि चाललंय काय! पाटीसाठी वेगळं दुकान मांडा. मीनलताई, तुम्ही खोटं बोललात त्यात फिजिओचा काय दोष?

मीनल_ठाणे:
पुरुषाला हे कळणार नाहीच, म्हणून पुढे लिहीत नाही.

हाडवैरी:
मी लिहितो. सगळे पेशंट खोटं बोलतात. "केले हो व्यायाम" म्हणणाऱ्याची मांडी हाताला लागली की कळतं, स्नायू तसाच मऊ. प्रश्न एवढाच, त्याला तुमच्यासमोर "नाही केले, कंटाळा आला" म्हणता येतं का? आठवड्यात मी तीन तासही भेटत नाही, बाकी सगळा व्यायाम घरी. बॉर्डिन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये उपचारातल्या नात्याचे तीन पदर सांगितले: काय साधायचंय यावर एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि जिव्हाळा. ते मानसोपचारासाठी होतं, आम्हालाही चपखल बसतं. तुमच्या शिरावाल्याकडे तिसरा पदर होता, पहिले दोन गायब. चिंचवडकर, खरं सांगा, त्या बाईंनी पहिल्या दिवशी आईंना काही विचारलं होतं की नाही?

चिंचवडकर:
विचारलं होतं. मूळ पोस्टमध्ये लिहायचं राहिलं. (राहिलं म्हणजे राहिलंच, उगाच अर्थ काढू नका.) म्हणाल्या, "या गुडघ्याने करायचंय काय?" आई म्हणाली, गच्चीवर पापड घालायला जायचंय. बाई उठून जिन्यापर्यंत गेल्या, पायऱ्या मोजून आल्या, २२. भिंतीवरच्या कॅलेंडरवर २२ लिहून गोल केला. मग रोज आईला विचारायच्या, "आज कितवी?" मेमध्ये आई चढली.

घ्या, झालं समाधान? नातं होतं म्हणे. पण गप्पा नव्हत्या, हे माझं म्हणणं कायम.

मीनल_ठाणे:
२२ पायऱ्या मोजून आलेल्या बाईला हिटलर म्हणताय. धन्य.

चिंचवडकर:
मी नाही, आई म्हणते.

तात्या नाशिककर:
ते सगळं ठीक. 'डॉ.' मात्र लावू नये, हे माझं मत आहे आणि राहील.

हाडवैरी:
कंबर धरली की या तात्या. पाटी झाकून ठेवीन.

प्राची:
चिंचवडकर, त्या बाईंचा नंबर व्यनि (खाजगी निरोप) कराल का? सासऱ्यांचा गुडघा पुढच्या महिन्यात आहे. पिंपळे सौदागरला येतात का?

चिंचवडकर:
केलाय व्यनि. येतात. शिरा करू नका, शिवत नाहीत.