मदत हवी आहे : मे महिन्यात वडील आणि लहान मुलांसह भीमगड अभयारण्यात जावे का?

तांबडी माती :

नमस्कार. मी बेळगावात राहतो. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून माझी बहीण, मेहुणे आणि त्यांची ११ व ७ वर्षांची दोन मुले सुट्टीसाठी येणार आहेत, आणि माझ्या ७१ वर्षांच्या वडिलांनी नातवंडांना भीमगड दाखवण्याचा शब्द आम्हाला न विचारताच देऊन टाकला आहे. वडिलांचे बालपण जांबोटीजवळच्या खेड्यात गेले. शाळकरी वयात ते मामांबरोबर तळेवाडीत मुक्काम करून गडावर गेले होते. ती वाट त्यांना अजून जशीच्या तशी आठवते, असे त्यांचे म्हणणे आहे. मला मात्र त्या आठवणीचीच थोडी भीती वाटते.

भीतीला कारण आहे. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आम्ही चंदगड तालुक्यातल्या कलानिधीगडावर गेलो होतो. निघायला उशीर झाला, चौघांत मिळून पाण्याच्या दोनच बाटल्या घेतल्या होत्या, आणि उतरताना वडिलांना भोवळ आली. सावलीत बसवून, शेवटचे घोटभर पाणी त्यांना देऊन आम्ही कसेबसे खाली आलो. चूक पूर्णपणे माझी होती आणि ती पुन्हा करायची नाही, म्हणून या वेळी आधी विचारतो आहे.

भर उन्हाळ्यात तिकडे जाणे मुळात शहाणपणाचे आहे का? परवानगी लागते का, आणि ती कोणाकडे मागायची? माकडतापाविषयी दरवर्षी वर्तमानपत्रांत वाचतो. त्याची कितपत काळजी करावी? शिवाय आपल्या हौसेपायी जंगलातल्या प्राण्यांना त्रास होऊ नये, असेही मनापासून वाटते. रस्त्यावरचे फलक बहुतेक कन्नडमध्ये असतात आणि माझे कन्नड बसची पाटी वाचण्यापुरतेच आहे, त्यामुळे काही नियम न कळता मोडला जाऊ नये, हीही चिंता आहे.

कणकुंबीचा वाटसरू :

आपण आधी विचारलेत हे फार बरे केलेत, कारण आपल्या वडिलांच्या आठवणीतले रान आणि आजचे रान यांच्यात कायद्याने मोठा फरक पडला आहे. खानापूर तालुक्यातले सुमारे १९० चौरस किलोमीटर जंगल २०११ साली भीमगड वन्यजीव अभयारण्य म्हणून घोषित झाले. पश्चिमेला गोव्याचे म्हादई अभयारण्य आणि दक्षिणेकडे काळी व्याघ्र प्रकल्पाचे रान असल्यामुळे वाघ, बिबटे, गवे आणि अस्वले यांची ये-जा या पट्ट्यातून चालते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कलम २७ असे सांगते की अभयारण्यातून जाणाऱ्या सार्वजनिक रस्त्यावरून प्रवास करण्यास हरकत नाही. पण रस्ता सोडून आत शिरायचे असेल तर कलम २८ प्रमाणे परवानगी लागते. पर्यटन, छायाचित्रण आणि अभ्यास या कारणांसाठी ती मागता येते, परंतु मागितली म्हणजे मिळालीच असे समजू नये, आणि उन्हाळ्यात तर मुळीच समजू नये.

व्यवहारात आपण खानापूरला वनखात्याच्या कार्यालयात स्वतः जावे, किती माणसे, कोणत्या वयाची आणि कोणत्या दिवशी येणार हे कागदावर लिहून द्यावे, आणि सध्या कोणती वाट खुली आहे हे तिथेच विचारावे. २०२४ च्या जानेवारीत कर्नाटकातल्या कुमार पर्वतावर झालेल्या गर्दीनंतर राज्याच्या वनखात्याने पदभ्रमणाच्या वाटांसाठी अरण्य विहार या संकेतस्थळावर आगाऊ नोंदणीची पद्धत आणली. आपली वाट त्या यादीत दिसत नसेल तर ती बंद आहे असे धरून चालावे. तालुक्यातल्या बहुतेक वनरक्षकांशी मराठीत बोलता येते, तेव्हा भाषेची अडचण येऊ नये. फलकाचा मात्र भ्रमणध्वनीवर फोटो काढून कोणाकडून तरी वाचून घ्यावा.

आता उन्हाळ्याविषयी. या दिवसांत आतले बहुतेक ओहोळ आटलेले असतात आणि जिथे डोह शिल्लक असतो तिथेच गवा, भेकर, अस्वल सगळे येतात. आपण सावली आणि गारवा पाहून नेमके त्याच डोहाशी डबे उघडून बसतो. आपण तासभर बसलो की तहानलेले जनावर तेवढा वेळ झाडीत थांबून राहते, किंवा त्याचा धीर सुटतो आणि मग गाठ पडते. अस्वलाचे तर विशेष सांगतो. मे महिना हा करवंदे आणि जांभळे पिकण्याचा काळ आहे. करवंदांच्या जाळीत खाली मान घालून चरणाऱ्या अस्वलाला आपली चाहूल लागत नाही, आणि दचकलेले अस्वल पळण्याऐवजी अंगावर येते. या तालुक्यात अस्वलांच्या हल्ल्यांत जखमी झालेली माणसे आहेत, आणि ती सगळी रानातच वाढलेली होती. मुलांना करवंदे खायची असतील तर जांबोटीच्या बाजारात पानाच्या द्रोणात मिळतात, ती घ्यावीत.

वळिवाकडेही लक्ष असावे. सकाळी आकाश स्वच्छ असते, दुपारी तीनच्या सुमारास घाटावर ढग दाटतात आणि विजा सुरू होतात. उघड्या कड्यावर किंवा एकट्या झाडाखाली त्या वेळी असू नये. माझा नियम असा आहे की उजाडताना चालायला लागावे आणि अकराच्या आत गाडीपाशी परत यावे. मोठ्या माणसामागे तीन ते चार लिटर पाणी घरूनच घ्यावे. वाटेत मिळेल या भरवशावर एक बाटलीही कमी करू नये.

माझे स्पष्ट मत असे की ७१ वर्षांचे गृहस्थ आणि ७ वर्षांचे मूल यांना घेऊन मे महिन्यात गडाचा विचारच करू नये.

जुना भटक्या :

मी थोडे वेगळे लिहितो, रागावू नये. आम्ही कॉलेजात असताना, २००३-०४ च्या सुमारास, कोणत्याही चिठ्ठीशिवाय दोन वेळा भीमगडावर गेलो आहोत, तेही उन्हाळ्यात. गावातला एखादा मुलगा सोबत येई, एखादी मावशी भाकरी आणि आमटी वाढी, आणि संध्याकाळी आम्ही सुखरूप परत येत असू. आताच एवढा बाऊ कशासाठी? मुलांनी रान पाहायचे कधी?

कणकुंबीचा वाटसरू :

आपला अनुभव खरा आहे, पण तो ज्यांच्या जिवावर निभावला ती माणसे आता तिथे राहतीलच असे नाही. तळेवाडीच्या कुटुंबांचे अभयारण्याबाहेर पुनर्वसन करण्याचे काम २०२५ साली सुरू झाले. पूर्वी तहान लागली तर गावातली विहीर होती, वाट चुकली तर गुराखी भेटे, पाय मुरगळला तर चार माणसे डोली करून आणत. आज तोच पाय मुरगळला तर भ्रमणध्वनीला संपर्कही मिळत नाही. रान पाहू नये असे मी म्हटलेले नाही. उन्हाळ्यात ते कडेकडेने पाहावे, इतकेच म्हणणे आहे.

खानापूरची सिस्टर :

मी आरोग्य केंद्रात परिचारिका आहे, म्हणून केवळ प्रकृतीविषयी लिहिते.

माकडताप १९५७ साली शिवमोग्ग्याच्या क्यासनूर जंगलात प्रथम ओळखला गेला. नंतर तो उत्तर कन्नड, गोव्यातील सत्तरी आणि सिंधुदुर्गातील दोडामार्ग अशा भागांत आढळला, आणि सत्तरी व दोडामार्ग आपल्या तालुक्याला लागूनच आहेत. हा ताप विषाणूबाधित गोचीड चावल्याने माणसाला होतो. गोचिडांची लहान अवस्था, जी तिळाएवढी असते आणि सहसा दिसतही नाही, हिवाळ्यापासून पावसाच्या तोंडापर्यंत पाचोळ्यात मोठ्या संख्येने असते. म्हणजे आपण निवडलेला काळ याच हंगामातला आहे. पूर्ण बाह्यांचे फिक्या रंगाचे कपडे घालावेत, विजारीची टोके मोज्यांत खोचावीत, आणि कर्नाटकात आरोग्य खात्यातर्फे बाधित भागांत दिले जाणारे डेपा तेल (गोचिडांना दूर ठेवणारे) मिळाल्यास त्यावरील सूचनेप्रमाणे उघड्या त्वचेला लावावे. पाचोळ्यावर बसू नये. बसायचेच असेल तर जाड सतरंजी न्यावी आणि घरी शिरण्यापूर्वी ती उन्हात झटकावी. परतल्यावर सर्वांनी गरम पाण्याने अंघोळ करून काखा, जांघा, कानामागे आणि मुलांच्या केसांत नीट तपासावे. गोचीड सापडल्यास चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढावी, बोटांनी चिरडू नये. मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवावे.

गोचीड चावल्यापासून साधारणतः ३ ते ८ दिवसांत एकाएकी ताप, कपाळ फुटेल अशी डोकेदुखी आणि अंगदुखी सुरू होते. पुण्याला परतल्यावर मुलाला ताप आला तर तिथल्या डॉक्टरांच्या मनात माकडताप येणार नाही, म्हणून आपण कोणत्या जंगलात गेलो होतो हे बहिणीने स्वतःहून सांगितलेच पाहिजे. एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी माझे लिहिणे सार्थकी लागेल.

आपल्या वडिलांना रक्तदाबाची, विशेषतः लघवी वाढवणारी गोळी चालू आहे का? असल्यास उन्हात पाणी लवकर कमी पडते, आणि गेल्या वर्षीची भोवळ त्यामुळेही आली असू शकते. जाण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारावे. उन्हात माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा अंग तापून झापड आली तर तो उष्माघात समजून सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये. साप चावल्यास जखम कापणे, चोखणे किंवा आवळून बांधणे यांतले काहीही करू नये; तो अवयव न हलवता रुग्णालयात न्यावे.

आणि आग्या मोहोळ! कड्यांच्या कपारींना ती लटकलेली असतात. धूर, उग्र अत्तर, दगड मारणे, आरडाओरडा यांनी माश्या उठतात. अंगाला सुगंधी फवारा मारून कोणीही येऊ नये, हे मेहुण्यांना आधीच सांगून ठेवावे.

तांबडी माती :

सर्वांचे मनापासून आभार. वडिलांना लघवीची गोळी चालू आहे, हे मला आज आईला विचारल्यावर कळले.

आणखी दोन शंका आहेत. थोरल्या भाच्याने भीमगडच्याच रानातल्या बारापेडे गुहांतल्या वटवाघळांविषयी कुठेतरी वाचले आहे आणि त्याला ती पाहायचीच आहेत. गडावर न जाता केवळ गुहा पाहता येतील का? दुसरे, वडिलांची इच्छा नदीकाठी तीन दगडांची चूल मांडून पिठले करण्याची आहे. विझवण्यासाठी पाणी जवळच असेल, तर चालेल का?

पाकोळी :

वटवाघळे हा माझ्या आवडीचा विषय असल्याने उत्तर देतो, जरी ते आपल्या भाच्याला आवडणार नाही. बारापेडे गुहांत रॉटनचे मुक्तपुच्छ वटवाघूळ राहते. याची शेपटी पडद्याच्या बाहेर मोकळी असते आणि कान चेहऱ्यापुढे झुकलेले मोठे असतात. १९१३ साली या जातीचे शास्त्रीय वर्णन झाले आणि त्यानंतर कित्येक दशके साऱ्या जगात ती फक्त याच गुहांतून माहीत होती. पुढे मेघालयात आणि कंबोडियात तिची नोंद झाली. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत या वटवाघळाला संरक्षण आहे. दिवसा विजेरी घेऊन माणसे आत शिरली की झोपलेली वटवाघळे उडतात, उन्हाळ्यात साठवलेली ताकद वाया घालवतात, आणि पिल्ले असतील तर ती खाली पडतात. अशा ठिकाणी जाण्याचा परवाना अभ्यासकांनाही सहज मिळत नाही आणि मिळू नये. त्याऐवजी भाच्याला संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणी दिव्याभोवती किडे टिपणारी छोटी वटवाघळे दाखवावीत. एका मिनिटात ती किती वेळा वळतात हे मोजायला सांगावे. मोजता येत नाही, पण मुले त्यात अर्धा तास रमतात.

चुलीचे उत्तर नाही असेच आहे. अभयारण्याला धोका पोचेल अशा रीतीने विस्तव पेटवणे कलम ३० प्रमाणे गुन्हा आहे. मार्च २०२३ मध्ये शेजारच्या म्हादई अभयारण्यात वणवे लागले तेव्हा नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे पाणी ओतत होती, हे आपण वाचले असेल. तिथे पाण्याची कमतरता नव्हती, तरी वारा आणि पाचोळा यांच्यापुढे कोणाचे चालत नाही. पिठले घरून डब्यात न्यावे, भाकरी थंडच बरी लागते. गाडीही वाळलेल्या गवतावर किंवा पाचोळ्यावर उभी करू नये, कारण तापलेल्या सायलेन्सरनेही गवत पेटते. धूर दिसल्यास वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. आंब्याच्या सालींसकट सगळा कचरा परत आणावा. साली कुजतात हे खरे, पण माकडे त्यांना चटावतात आणि पुढच्या माणसाच्या पिशवीला झोंबतात.

कणकुंबीचा वाटसरू :

वडिलांसाठी एक सुचवतो. पहाटे निघून आधी हब्बनहट्टीला जावे. तिथले मारुतीचे देऊळ मलप्रभेच्या पात्रालगत असल्याने पावसाळ्यात पाण्यात जाते आणि उन्हाळ्यात मोकळे होते, म्हणजे हे एक ठिकाण तरी मे महिन्यातच पाहावे असे आहे. तिथून कणकुंबीला माउलीच्या देवळाशी मलप्रभेचा उगम मुलांना दाखवावा. सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात जे पाणी अडते ते इथे ओंजळीत मावते, हे पाहून माझी मुलगी गप्प झाली होती. म्हादईदेखील याच तालुक्यात देगावजवळ उगम पावते, पण ती पश्चिमेला गोव्यात उतरते आणि मलप्रभा पूर्वेला कृष्णेकडे जाते. इतक्या जवळच्या डोंगरांतून निघालेल्या दोन नद्या दोन समुद्रांकडे का जातात, याचे उत्तर आजोबांनी द्यावे.

तांबडी माती :

काल रात्री वडिलांना सर्व उत्तरे वाचून दाखवली. तळेवाडीचा मजकूर आला तेव्हा त्यांनी थांबवले आणि मामांच्या ओळखीच्या घरांची नावे एकेक करून सांगितली. ती मी वहीत लिहून घेतली आहेत. गड रद्द झाला म्हणून ते रुसतील असे वाटले होते, पण चूल रद्द झाल्याचेच त्यांना अधिक वाईट वाटले.

आता असे ठरले आहे की हब्बनहट्टी आणि कणकुंबी एका सकाळी करायचे, अकराला परत फिरायचे, आणि सोमवारी मी खानापूरच्या वन कार्यालयात जाऊन नोव्हेंबर-डिसेंबरसाठी गडाच्या परवानगीचे विचारायचे, ते वडिलांच्या डॉक्टरांनी होकार दिला तरच. कार्यालयात काय सांगतात ते इथेच लिहितो. डेपा तेल खानापुरात कुठे मिळेल, हे सिस्टरनी कृपया कळवावे.